सगुणेचा उत्तरार्ध

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, खर्डा गावच्या एका वाचनालयातली. पाठ खिळखिळी, कोपरे उंदरांनी चाखलेले. माझ्या लेखकाने शेवटच्या पानावर सगुणेला विहिरीत उडी घ्यायला लावली आणि खाली 'समाप्त' लिहिले. वाचक हळहळले. लेखकाचे कौतुक झाले. सगुणा पाण्यातच राहिली.

वाचून वाचून मी उसवले, तेव्हा बाइंडरने मागे थोडे कोरे कागद शिवले. ते नेमके गावातल्या एक वाचक, भामाबाई, यांच्या हाती लागले.

"हिरीवर वाढल्याली पोर, आन् पवता येत न्हाई व्हय?" असे म्हणून त्यांनी लेखकाला न विचारता पुढचा भाग लिहिला. सगुणा पायऱ्या चढून वर आली, लुगडे पिळले आणि जामखेडला मावशीकडे गेली. पुढच्या वाचकाने तिला शिलाई मशीन दिले. त्यानंतर शाळेतल्या गोरक्षमास्तरांनी तिला सासरी नांदायला धाडले. भामाबाईंनी ते खोडून शेजारी लिहिले, 'तिला इचारलं का?' मग लोक मला मागूनच वाचू लागले. लेखकासाठी वाईट वाटे, पण खोटे कशाला बोलू, मला करमत होते.

भामाबाई वारल्या. मी धूळ खात पडले. गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात शुभांगी सासर सोडून आली. ती मला नेई, आणी, पुन्हा नेई. वाची फक्त आजीची पाने.

मग वाचनालयाची तपासणी आली. ग्रंथपाल बिभीषणराव नियमाचे माणूस. त्यांनी ती पाने ब्लेडने कापून बंबात घातली. तपासणीत माझ्यावर 'सुस्थितीत' असा शेरा पडला.

काल शुभांगी आली. आज सासरचे तिला न्यायला येणार होते. तिला जायचे नव्हते. घरचे सगळे 'जा' म्हणत होते. तिने मला मागून उघडले.

"काका, सगुणा कुठंय?"

"विहिरीत," बिभीषणराव म्हणाले. "मूळ गोष्टीत तिथंच हाय."

"आजीनं काढली हुती की वर."

"ते अधिकृत नव्हतं, बाई."

तिने माझा पुठ्ठा उलटून पाहिला. मग म्हणाली, "पेन द्या."

बिभीषणरावांनी पेन दिला आणि पंख्याकडे बघत बसले. कोरा कागद उरला नव्हता. तिने माझ्या पुठ्ठ्याच्या आत लिहिले : 'सगुणेला पोहता येत होतं.' पुढे काही सुचले नाही. मला पिशवीत घालून ती घरी आली.

मित्रांनो, पुस्तकात लिहू नये, हे मीच सांगायला हवे. जरूर पाळा. पण कुणी आधीच लिहून ठेवले असेल, तर ब्लेड उचलण्याआधी एवढे बघा, की ते कोण वाचते आहे.

आत्ता मी शुभांगीच्या मांडीवर आहे. दारात जीप थांबली आहे. पुठ्ठ्यावर अजून जागा आहे.