गिरणीसमोरचा पोकळ खांब

मित्रांनो, मी विजेचा एक जुना लाकडी खांब आहे आणि माझ्या मनात अजून राग आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर हे आधीच सांगितलेले बरे.

मध्य प्रदेशात, मंडल्याकडच्या जंगलात मी साल जातीचे उंच झाड होतो. मला तोडले, सोलले, वाळवले आणि डांबराच्या तेलात मुरवले, म्हणजे पाणी आणि वाळवी आत शिरू नये. मग रेल्वेने पूर्णेला आणि तिथून ट्रकने वालूरजवळच्या एका खेड्यात मी आलो. १९७१ साली मला सांबप्पाच्या पिठाच्या गिरणीसमोर उभे केले. पहिला दिवा लागला तेव्हा बायांनी मला हळदकुंकू वाहिले. मी फुशारलो. ते कौतुक महिनाभर टिकले.

मग सांबप्पाने माझ्या बुडाला म्हैस बांधली. दावे वर सरकू लागले, तेव्हा कुऱ्हाड आणून त्याने माझ्या अंगात चांगली खोल खाच पाडली. तेल मुरलेली कातडी तिथेच फाटली. त्या खाचेत वर्षानुवर्षे पावसाचे पाणी आणि म्हशीचे मूत मुरत गेले. बाहेरून मी धडधाकट दिसत होतो, पण आतून कुजत चाललो होतो. लाईनमन पंडित अधूनमधून येऊन मला हातोडीने ठोकून बघायचा.

"अप्पा, म्हैस दुसरीकडं बांधा. खांब पोकळ व्हायलाय."

"तू तुज्या तारा बघ. मला शिकवू नगं," सांबप्पा गुरकावायचा. पंडित बौद्धवाड्यातला. त्याने चारचौघांत आपल्याला काही सांगावे, हेच सांबप्पाला झोंबायचे.

१९७८च्या वैशाखात मोठी वावटळ आली आणि माझ्या माथ्यावरची तार निसटून लोंबू लागली. लाईन बंद झाली, गिरणी थांबली. चौथ्या दिवशी पंडित आला, तेव्हा ज्वारीचे डबे घेऊन सगळे गाव त्याच्यावर चिडून उभे होते. पंडितने सांबप्पाला जवळ बोलावले आणि माझ्या खाचेत पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. सांबप्पाने ते वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

"नवा खांब आल्याबिगर मी चढणार न्हाई, अप्पा. आठ दिस लागतील."

सांबप्पा लोकांकडे वळला. "काय झालं न्हाई खांबाला. दगडावानी हाय! ह्यालाच काम नगं."

"फुकटचा पगार खायलाय!" कुणीतरी ओरडले. लोक हसले. "भितूस व्हय रं? चढ की!"

पंडितचा चेहरा पडला. अपमान सहन न होऊन त्याने कमरेचा पट्टा आवळला. चढू नकोस बाबा, असे मी जीव तोडून म्हणत होतो, पण लाकडाचे कोण ऐकतो?

इतक्यात सांबप्पाचा थोरला मुलगा अण्णाराव पुढे झाला. चांगला तालमीतला पैलवान गडी. त्याने पंडितला बाजूला ढकलले. "सरक. लाईन बंदच हाय नव्हं? मीच जोडतो तार." त्याने मला मिठी मारली आणि तो सरसर वर निघाला. माझे बूड करकरले.

"आण्णा, उतर! उतर म्हन्तो ना!" सांबप्पा किंचाळला. "आतून सडलाय त्यो खांब!"

अण्णाराव घसरत खाली आला.

"आन मी चढलो असतो तर, अप्पा?" पंडितने विचारले. सांबप्पा मुलाचा हात धरून गिरणीत निघून गेला.

आठ दिवसांनी नवा खांब आला. मला दोर लावून ओढताच मी खाचेपाशी मोडलो आणि आतला भुगा रस्त्यावर सांडला.

मित्रांनो, खांबाला जनावर बांधू नका, त्याला कुऱ्हाड लावू नका. आणि वर चढणारा माणूस 'नाही' म्हणाला, तर तो कोणत्या वाड्यातला हे न पाहता त्याचे ऐका. सांबप्पाने पंडितची कधीच माफी मागितली नाही. मीही सांबप्पाला माफ केलेले नाही.