पाटीवरचं नाव

त्रेचाळीसचा उन्हाळा. नानासो मास्तर सांगलीहून येऊन दोन महिने झाले होते. पलटणीत गेलेल्यांच्या बायका-बहिणींना पाकिटावरचा इंग्रजी पत्ता लिहायला शिकवतो, म्हणाले. कडेगावाजवळच्या एका वाडीत पहिल्या दिवशी सातजणी बसल्या. मग मास्तर घराघरातली नावं आपल्या वहीत टिपू लागले, आणि एकेकीला अचानक कामं निघाली. उरली एकटी बनुबाई. तिचा भाऊ लालासाहेब मिसरात लढाईवर होता. त्याला आपल्या हातानं पत्र धाडायचं तिनं मनात धरलं होतं.

ओसरीच्या कोपऱ्यात सासू, राहीबाई, शेंगा फोडत बसायची. नजर शेंगांवर कमी, मास्तरावर जास्त.

"माणसाचं, गावाचं, जनावराचं नाव म्हणजे नाऊन," मास्तर म्हणाले. "आता घरातल्या माणसांची नावं लिहा."

"कालबी नावंच, आजबी नावंच," राहीबाई पुटपुटली. "शेरडांची ऱ्हायलीत तेवढी."

बनुबाईनं पाटीवर लिहिलं. राहीबाई. बनुबाई. गाय कपिली. मग पेन्सिल थांबली.

"आणि मालक?"

"आवं मास्तर, त्येंचं नाव कसं घ्यायचं? घेतलं तर त्येंचं आयुष्य उणं हुतंय."

मास्तर हसले. पण रोज धडा फिरून फिरून त्याच मोकळ्या ओळीवर येई.

ती ओळ मोकळी होती म्हणून तो माणूस मोकळा होता. आदल्या भादव्यात तो कचेरीवरच्या मोर्चात गेला, तो घरी राहायला परत आलाच नाही. फौजदाराला कुणा पकडलेल्याच्या तोंडून एक नाव मिळालं होतं: नाथाजी. पण ते नाव मुळात त्याच्या आज्याचं. सासऱ्याचं नाव राहीबाईनं कसं उच्चारावं? म्हणून पाळण्यातच तो बापू झाला, आणि वाडीलाही बापूच. पोलीस दोनदा येऊन "नाथाजी कोण?" विचारून गेले. वाडीनं माना हलवल्या. बापू तर मुंबईला गिरणीत, असं सांगितलं. दोन्ही माणसं एकच, हे कुणी जोडून दिलं, की दुसऱ्या दिवशी घराला वेढा पडणार होता.

"नाव घ्यायचं नसेल तर त्याच्या जागी दुसरा शब्द ठेवायचा," मास्तरांनी पुढचा धडा काढला. "त्याला म्हणतात प्रोनाऊन. पुरुष असेल तर इंग्रजीत 'ही'."

"गड्याला ही म्हनत्यात व्हय?" राहीबाईचा हात थांबला. "लय गुणाचं सरकार!"

बनुबाई पदराआड हसली. "मास्तर, मानाच्या मानसाला निराळा शब्द?"

"नाही. राजाला ही, चोरालाही ही."

बाकी तिला समजावून द्यावं लागलं नाही. लग्नापासून ती नावाच्या जागी 'त्ये' ह्या एकाच शब्दावर संसार करत आली होती. जात्यावर तर रोजच,

नाव न्हाई घेत, माझ्या जात्याला ठावं
पिठाच्या कणाकणात, त्येंचंच गं गाव.

त्या दिवशी मास्तरांनी पाटी आपल्याकडे ओढली. मोकळ्या ओळीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी तिच्यापुढं सरकवली.

"वाचा."

पाटीकडे न बघता ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिनं बोट ठेवलं. एन. ए. टी. तिसऱ्या अक्षरालाच तिनं नाव ओळखलं. नवऱ्याचं नाव समोर आलं की बाईनं मान खाली घालावी, पदर पुढं ओढावा. हात आपसूक पदराकडे निघाला होता. मास्तर नेमकी त्याचीच वाट बघत होते.

हात तिनं पाटीवरच दाबून धरला. उरलेली अक्षरं सावकाश जुळवली, मान वर केली आणि मोठ्यानं वाचलं.

"नाथाजी."

कोपऱ्यात राहीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नाथाजी," बनुबाई पुन्हा म्हणाली, बाजारातल्या कुणा परक्याचं म्हणावं तसं. "कोन म्हनायचा ह्यो? तुमच्या सांगलीचा का?"

अखेर मास्तरांनी वही मिटली. नवऱ्याचं नाव असं भरदुपारी, सासूदेखत, कुठली बाई घेणार?

"असाच एक," ते म्हणाले. "सरावासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वळकटी बांधून आष्ट्याकडे निघून गेले. तिकडंही पलटणीतल्यांच्या बायका होत्याच.

धुळीत त्यांचा सदरा दिसेनासा झाला, तशी बनुबाई ओसरीवर येऊन बसली. पाटी भिंतीला टेकून होती.

"आत्याबाई, मी दोनदा घेतलं."

राहीबाई तिच्याजवळ सरकली. डोळ्यांत पाणी, पण तोंड तेवढंच तिखट. "मी कुटं ऐकलं? मला काल शेंगांच्या नादात काय ऐकू आलं न्हाई. पूस ते आदी."

त्या नावावर पाणी फिरवायला बनुबाईचा जीव झाला नाही. तिनं कोरड्या पदरानं एकेक अक्षर हळू पुसलं. पांढरी भुकटी पदराच्या टोकाला लागली, आणि त्या टोकाला तिनं घट्ट गाठ मारली.