हात लागलेला हत्ती

मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो. पाठीवरचा रंग उडालेला, चाक जरा कुरकुरणारं. पण म्हणून नाक मुरडू नका. नऊ वर्षं मी एका बुद्धिबळपटूच्या हाताखाली काढली आहेत, आणि त्याचा मला गर्व आहे.

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बरेच जण कचेऱ्यांत गेले आणि दिवसभर तक्ते भरत बसले. माझं नशीब थोर, मी चष्म्याच्या दुकानात आलो. पुढच्या खोलीत काकू गिऱ्हाईक सांभाळतात, मागच्या खोलीत त्यांचे यजमान, म्हणजे आप्पा, यंत्रावर काचा घासतात. यंत्राशेजारच्या संगणकावर माझी नेमणूक झाली. दुपारी डबा संपला की आप्पा हात धुऊन, पुसून, मगच मला धरत आणि ऑनलाइन डाव मांडत.

त्यांचा खेळ त्यांच्या कामासारखाच. काच जास्त घासली गेली तर परत जाड होत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट सावकाश. पहिल्या दहा खेळ्यांतच निम्मं घड्याळ संपवायचे. वजीर लवकर बाहेर काढणं त्यांना उधळपट्टी वाटे. मात्र पटावर दोन राजे आणि चार प्यादी उरली, की भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणत. जिंकत आलेले डाव वेळ संपून घालवले तेही काही थोडेथोडके नाहीत. त्यामुळेच रेटिंग चौदाशेच्या घरात अडकलं होतं.

आणखी एक. हात लावलेली सोंगटी ते खेळायचेच. लहानपणी लाकडी पटावर थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, हा नियम मनगटावर चापट्या मारून शिकवला होता. संगणकावर उचललेली सोंगटी परत जागेवर ठेवली, तर समोरच्याला पत्ताही लागत नाही. आप्पा तरीही ठेवत नसत. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण बटण माझं दाबलं जायचं.

दादा दूरच्या शहरात राहतात आणि त्याच संकेतस्थळावर खेळतात. एकदा थट्टेत म्हणाले होते, "आधी पंधराशे हो, मग माझ्यासमोर बस." आप्पांनी ते मनाला लावून घेतलं. सहा वर्षं दोघांत एकही डाव झाला नाही.

शेवटी चौदाशे त्र्याण्णव झाले. आता एक विजय पुरे होता. त्या दुपारी आप्पांचं एक प्यादं जास्त होतं, उंट योग्य घरात नेला की डाव खिशात. पण माझं डावं बटण झिजून इतकं हलकं झालं होतं, की बोट नुसतं टेकलं तरी दाबलं जाई. उंटाकडे जाताना पडद्यावरचा बाण हत्तीवरून गेला आणि हत्तीच उचलला गेला.

आप्पा थांबले. पन्नास सेकंद उरले होते. ठेवा परत, चूक माझी आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यांनी हत्तीकडे पाहिलं, आणि तोच खेळले. राजाची बाजू उघडी पडली. चौथ्या खेळीला मात झाली.

"काय झालं हो?" काकूंनी दारातून विचारलं.

"हत्तीला हात लागला."

"मग ठेवायचा ना परत. कोण बघतंय?"

"दादानं ठेवू दिला असता का?" म्हणत आप्पांनी यंत्र सुरू केलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांचा अभिमान वाटला तो त्याहून जास्त.

संध्याकाळी दादांचा फोन आला. आप्पांनी तो स्पीकरवर टाकला.

"आजचा डाव बघत होतो. तुझे सगळेच बघतो मी," दादा म्हणाले. "तो हत्ती तू एरवी मेलास तरी हलवला नसतास. हात लागला होता का रे?"

"लागला."

मग दादा म्हणाले, "उद्या दुपारी माझ्याशी पट मांड. पंधराशे-बिंधराशे राहू दे."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उलटं करून तपासलं, बटण दाबून पाहिलं आणि नवा माऊस जोडला. मी खणात गेलो, पण मला राग नाही. दोघा भावांच्या डावात मी घोटाळा करू नये, असं मलाही वाटत होतं. मित्रांनो, तुमच्या हाताखालच्या वस्तूंकडे अधूनमधून नीट बघत जा. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमची चूक तुमच्या नावावर जाते.