मला कुंकू लावू नका

मी फळी बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. अकोल्याच्या कापूसबाजारातली, एका कोपऱ्यात जळलेली. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मला सवय आहे.

जन्म माझा धारणीच्या रानातला, जात सागाची. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात गोदाबाईच्या गुरांच्या कोठ्याच्या दाराची फळी म्हणून मी बरेच पावसाळे काढले. तिचा नवरा गेला आणि तिच्या वावरातला कापूस दीर किसनराव विकू लागला. संध्याकाळी येऊन सांगायचा, "वहिनी, बाजार पडला." का पडला, किती पडला, विचारायची सोय नव्हती. एकोणीसशे पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. एक दिवस गोदाबाईने सुताराला बोलावलं, दारातून मला काढलं आणि माझ्या अंगावर आडव्या खाचा पाडून घेतल्या.

"आता माहा कापूस मीच विकीन," ती किसनरावाला म्हणाली. "पण आधी बाजार पाहीन."

बाजारात ती मला घेऊन कडुनिंबाखाली बसली. एकेक खाच म्हणजे एकेक भाव, वरची महाग, खालची स्वस्त. चहावाल्याने नवं आधण ठेवलं की मागच्या आधणापासून जे जे भाव पुकारले गेले, त्या प्रत्येकाच्या खाचेत ती एक सरकी टाकायची. आणि ज्या भावाला कापसाची बंडी, म्हणजे भरली बैलगाडी, विकली जाई, तिथे बंडीमागे तुरीचा एक दाणा. एवढंच माझं शास्त्र. बाजार कुठे रेंगाळला ते सरकी सांगे, माल कुठे गेला ते तूर.

पहिल्याच हंगामात एका सकाळी बोली एकदम उसळली. किसनराव धावत आला. "वहिनी, भाव पाहा कुठी गेला. बंड्या परत घ्या, उद्या याच्याही वर विकू."

गोदाबाईने माझ्या वरच्या खाचेवर बोट ठेवलं. तिथे एक सरकी, एक तूर. "एकच बंडी गेली त्या भावात, भाऊजी. दुसरी कोणी घेतली नाही. लोकाईचा माल इथं गेला," असं म्हणत तिने मधली भरलेली खाच दाखवली. त्याच भावाला तिने आपल्या बंड्या मोकळ्या केल्या. पुढच्या आठवड्यात भाव उतरला.

आणि इथून माझे भोग सुरू झाले. आमच्या वऱ्हाडात अक्षय्यतृतीयेला घट मांडतात, भोवती धान्य ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून वर्षाचं पीकपाणी सांगतात. माझ्या अंगावर दाणे दिसताच लोकांना तेच आठवलं. हळदकुंकू आलं, नारळ फुटला. नांदगाव खंडेश्वरचे सूर्यभानजी तर हात जोडून मला म्हणाले, "माय, उद्या भाव काय निघते ते सांग."

अहो, मी झालेलं दाखवते. उद्याचं मला काय ठाऊक? गोदाबाईने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. "देव नोका करू तिले," ती म्हणाली. पण ऐकतो कोण!

दुसऱ्या हंगामात तिने तशाच भरल्या खाचेच्या भावाला कापूस विकला. आणि काय सांगू, त्यानंतर बाजार चढतच गेला. आपला कापूस राखून थांबलेल्या किसनरावाचं फावलं. कालचे भक्त म्हणू लागले, देवी कोपली, बाईमाणसाने बाजारात बसल्यावर दुसरं काय होणार. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण लाकडाला तोंड कुठलं? घरी येताच किसनरावाने मला उचललं आणि थेट चुलीत घातलं.

"झाला खेळ," तो म्हणाला. "पुढल्या सालापासून कापूस मी विकतो."

माझा कोपरा धडधडून पेटला. गोदाबाईने हातानेच मला बाहेर ओढलं, वर पाणी ओतलं. तिचा तळवा भाजला होता, आवाज मात्र खाली आला नाही.

"भाऊजी, त्या दिवशी बाजारात बहुतेकाईले जो भाव भेटला, तोच मले भेटला. कोणी मले फसवलं नाही. उद्याचा भाव तुमाले तरी कुठी दिसला होता? तुमी थांबले, तुमाले लागला. तुमच्या कापसाले खुशाल थांबा. माह्या कापसाले हात लावू नोका."

किसनराव पुष्कळ बडबडला, पण पुढल्या हंगामात बंड्या जुंपल्या तेव्हा मी सगळ्यांत पुढच्या बंडीत होते, गोदाबाईच्या मांडीशी.

आता साठ साल मागे पडलं. तिचे केस पिकले, माझ्या वरच्या खाचा जळक्याच राहिल्या. बोली तिथवर चढली तर ती कोळसा झालेल्या कडेवर सरकी ठेवते. घसरून पडली, तर उचलून पुन्हा ठेवते.

तेव्हा पाया पडायला आलेल्यांनो, ऐका. मला कुंकू लावू नका, आणि उद्याचं विचारू नका. नाही सांगणार. पुन्हा चुलीत घातलंत तरी नाही सांगणार. तिकडे चहावाल्याने आधण ठेवलं बघा. सरका जरा बाजूला, गोदाबाईला सरकी टाकू द्या.