हातभर कोरी भिंत

"माणसानं बांधलेलं प्रत्येक घर एक दिवस पडतं, टिकतं ते फक्त रंगवलेलं घर," असं पडदेवाल्यांनी भरदुपारी जाहीर केलं. ऐकायला खोलीत टर्पेंटाइनचा डबा तेवढा होता, आणि त्याचंही झाकण घट्ट बसलेलं होतं.

चाळीस वर्षं त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडे, अरण्यं, तुरुंग, सांगाल ते. त्यांचं दोन खोल्यांचं घर गेल्या महिन्यात रस्तारुंदीत पाडलं, आणि नवरा-बायको या सहाव्या मजल्यावर आले. इथल्या भिंती दवाखान्यासारख्या, इतक्या पांढऱ्या की पहिल्या दिवशी कुणी तपासायला येईल म्हणून पडदेवाले जीभ बाहेर काढून बसले होते. मग त्यांनी मागची खोली ताब्यात घेतली आणि तिच्या भिंतींवर जुनं स्वयंपाकघर आठवणीतून उतरवायला काढलं.

"पुरं होईपर्यंत आत यायचं नाही," अशी बायकोला ताकीद होती.

कारण कलेचं नव्हतं. ओट्याच्या वर, खिडकीच्या डावीकडे, हातभर जागा कोरी राहिली होती. तिथे काय होतं ते आठवतच नव्हतं. घड्याळ? ते दाराशी. कॅलेंडर? घड्याळाखाली. गळक्या नळाच्या थेंबांचा ताल अजून पाठ होता, आणि ही हातभर जागा साफ पुसली गेली होती.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्म्याची जागा गेली, मग घराची गल्ली गेली, आणि एका सकाळी त्यांनी मुलाला "आपण कुठले?" असं विचारलं. इतक्या अदबीनं ते त्याच्याशी जन्मात बोलले नव्हते.

बायकोला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण तिला कळलंही असतं. तीन दिवस ते त्या जागेला वळसा घालून रंगवत होते.

आज दार उरलं होतं. पेंटरच्या सवयीनं त्यांनी आधी आतली मूठ स्क्रू काढून उतरवली, आणि उघड्या दारावर भांड्यांचं कपाट रंगवलं. शेवटचा हात फिरतो न फिरतो तोच झुळूक आली, दार लोटलं गेलं आणि खटका बसला.

पडदेवाल्यांनी वळून पाहिलं. दार नव्हतं. कपाट होतं, ताटं होती, आणि फट शोधूनही सापडेना, इतकं काम चोख झालं होतं. खिडकीबाहेर गल्ली हवी तिथे नुसतं आभाळ. त्यांनी चाचपलं तर तळहाताला ओला रंग लागला. मूठ कुठे ठेवली? आठवेना. म्हणजे आता दोन गोष्टी झाल्या. वडीलही असेच, पाडून टाकलेल्या कुठल्याशा घरात उभे असतील का? आणि आपण सगळे बाहेरून दार वाजवत होतो?

"अगं!" ते ओरडले. "अगं ए!"

बाहेरून मूठ फिरली. कपाट उघडलं आणि त्यातून बायको आली.

"काय झालं? घाम किती आलाय! आणि ही मूठ खिशात कशाला मिरवताय?"

पडदेवाल्यांनी खिसा चाचपला. होती.

बायको मात्र भिंती बघत होती. नळ बघितला, काजळीचा डाग बघितला, आणि पदर नाकाला लावला. नुसता टर्पेंटाइनचा वास म्हणावा तर डोळेही पुसले. मग ती खिडकीच्या डावीकडे थांबली.

"हे असंच ठेवलंत?"

"मला..." त्यांनी खिशातली मूठ घट्ट धरली. "मला आठवत नाहीये गं. तिथे काय होतं?"

"काय असणार? कप्पाळ! भिंत होती नुसती."

"काहीच नव्हतं?"

"तिथे मसाल्याच्या डब्यांना फळी ठोकून देतो म्हणाला होतात. आपण राहायला आलो त्या आठवड्यात. एकतीस वर्षं मी वाट बघत होते, मग घरच पाडलं."

पडदेवाले मटकन स्टुलावर बसले. इतकं बिनचूक काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

बायकोनं पदर खोचला आणि रंगाच्या डब्यातला ब्रश उचलून त्यांच्या हातात दिला.

"आता हात रंगलेलेच आहेत, तर तेवढी फळी रंगवून टाका. आणि जरा खाली घ्या, माझा हात पोचेल अशी."