देवा, चूक माझीच असू दे

रविवारी चर्चमध्ये नवा ऑर्गन वाजायचा होता आणि शुक्रवारची दुपार झाली तरी त्याचा एक स्वर मुका होत होता. भरगच्च सूर धरून ठेवले, की खर्जातला एक हळूच गळून जायचा. सिनसिनाटीत इलेक्ट्रॉनिक ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीत त्याचा प्रोग्राम लिहिणारी व्हर्नेल स्टोकली खुर्चीत घडीभर टिकत नव्हती. चर्च तिचंच होतं. जुना ऑर्गन विकून झाला होता. मंडळी गाणार ती याच्याच आधाराने.

"मग, सिस्टर?" शेजारच्या टेबलावरून पिकल्या केसांच्या थॅडियसने डोनट चघळत विचारलं. "कंपायलरवर ढकललंस की नाही अजून?"

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुसरा प्रोग्राम; सांगितलं तर तो वेगाने धावेल असा आवळूनही देतो. त्याला दोष देऊन जो तोंडघशी पडेल, त्याने सगळ्यांना डोनट आणायचे, असा तिथला रिवाज. थॅडियसचं पोट त्यावरच सुटलं होतं.

"सकाळीच तक्रार धाडली कंपायलरवाल्यांना. त्यांचं वेगवान रूपांतर बंद केलं की स्वर गळत नाही. तपासायला एखादी ओळ वाढवली तरी गळत नाही."

"मग बंदच ठेव की."

"पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो मग. गाणारे पुढे, ऑर्गन मागे."

"म्हणजे दोष त्यांचा. असं सगळेच म्हणतात, आणि मग मला चॉकलेटचा मिळतो."

"तुला टोपलीभर आणते, थॅड. माझीच चूक असू दे म्हणून सकाळपासून देवाला विनवतेय."

तो चघळायचा थांबला. "हे नवीनच."

"त्यांची असली तर उत्तराला महिना लागेल. माझी असली तर आज सुधारेल."

तिने प्रोग्रामची प्रत घेतली आणि कापायला बसली. एक तुकडा काढायचा, टेबलाशेजारच्या चाचणीच्या ऑर्गनवर वाजवून बघायचं. स्वर अजून गळतोय? मग तो तुकडा निर्दोष. बासरीचे सूर गेले, घंटा गेल्या, तिने महिनाभर जीव लावून घडवलेला घुमारा गेला. दर वेळी उरत होतं ते आणखी थोडं, आणि त्यात तिचं पाप काही दिसत नव्हतं.

शेवटी पडद्यावर मूठभर ओळी राहिल्या, आणि तिथे ते होतं. स्वरांसाठी तिने मेमरीत सोळा जागा राखल्या होत्या, आणि त्या एकामागून एक भरणारं तिचंच चक्र सतरावीतही लिहीत होतं. एरवी ती जागा मोकळी असायची, कुणाचं बिघडत नसे. वेगवान रूपांतर मात्र सामान दाटीवाटीने रचतं. तिथे खर्जाच्या आवाजाचा आकडा बसला होता, आणि व्हर्नेलने त्याच्या मांडीत शून्य नेऊन ठेवलं होतं.

"थॅड," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "माझीच."

तक्रार मागे घेतली, माफी मागितली, ओळ सुधारली. मग दोन्ही हातांनी सूर धरले. खर्ज उभा राहिला तो राहिलाच.

"झालं की. सोड आता," थॅडियस म्हणाला.

तिने बोटं उचलली नाहीत. "थांब जरा. आमच्या चर्चमध्ये गाण्याचं शेवटचं आमेन फार लांबवतात."