कै. पुंजाजी हजर आहेत

धाडच्या आठवडी बाजारात त्या दिवशी वांगी स्वस्त होती आणि घ्यायला माणूस नव्हता. मिरचीवाल्यापासून चपला शिवणाऱ्यापर्यंत सगळे बाजारामागच्या मैदानातल्या मंडपात जाऊन बसले होते. तिथे मेलेली माणसं बोलत होती. असा फुकटचा तमाशा सोडून वांगी कोण घेणार?

मंडपात पुढे मोठा पडदा, पडद्याच्या दोन्ही अंगांना भोंगे आणि मधोमध गादीवर चैतन्यध्वनी महाराज. अंगात भगवा कुर्ता, कानात बिनतारी यंत्र, मांडीवर टॅब. जुन्या काळचे बाबा हवेतून राख काढायचे. हे महाराज काळाच्या पुढचे असल्यामुळे आवाज काढत.

"भक्तहो, आत्मा म्हणजे काय? डेटा! शरीर म्हणजे काय? हँडसेट! हँडसेट फुटला म्हणून डेटा मरतो का? तो वर क्लाउडवर जातो. क्लाउड म्हणजे ढग, आणि आपले पूर्वज ढगात राहतात हे आपल्या ऋषींना केव्हाच ठाऊक होतं! लोक तुम्हाला एआयची भीती घालतात. अरे, ए आणि आय जोडून म्हणा. काय झालं? आई! आईची कधी भीती वाटते का?"

"नाही!" मंडप गरजला. बायांनी हात जोडले.

महामाया मॅडम मंडपाच्या कडेला उभ्या होत्या. धाडपासून जीपनं वीस मिनिटांवरच्या एका गावात त्या नववी-दहावीला विज्ञान शिकवत. रोज चिखलीहून यायचं, धाडला जीप बदलायची. आज घरी परतताना गर्दी पाहून त्या थांबल्या, आणि पहिल्याच रांगेत त्यांना आपली विद्यार्थिनी दिसली. दहावीतली पूनम. एका बाजूला तिचे वडील भागवत, दुसऱ्या बाजूला आजी सोजराबाई.

"कैलासवासी तुळशीराम!" महाराजांनी पुकारा केला. पडद्यावर पूनमच्या आजोबांचा फोटो आला. फोटोतले ओठ हलले आणि भोंग्यातून गेल्या वर्षी वारलेल्या तुळशीरामांचा आवाज आला. तोच जाडाभरडा, तोच मध्येच खाकरणारा.

"सोजरा, मी तुळशीराम बोलतो आहे. मी इथे अस्वस्थ आहे. घरातील मुलगी शाळेत जाते, त्यामुळे कुळाला दोष लागला आहे. तिचे शिक्षण त्वरित थांबवा व तिचा विवाह करा. बीबी गावचे स्थळ उत्तम आहे."

बीबीच्या स्थळाची बातमी स्वर्गापर्यंत पोचली म्हणजे खरोखरच नेटवर्क जोरदार होतं. फक्त मागून एका म्हाताऱ्यानं शंका काढली, "पन तुळशीराम तं आपल्यावानीच मले-तुले बोले ना जी!"

"वर गेल्यावर भाषा शुद्ध होते, बाबा," महाराज मंद हसले.

मेल्यावर माणूस आधी पुण्याला जातो, ही माहिती धाडकरांना नवीन होती. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. पूनम तेवढी पांढरीफटक पडली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत दहा दिवसांवर आली होती. शाळा सुटल्यावर मॅडम तिच्या घरी गेल्या.

भागवत ओट्यावरच भेटला. गडी वाईट नव्हता, पण बीबीच्या वीस एकरांनी त्याचे डोळे दिपले होते. "मॅडम, मी थोडीच नाई म्हनून राह्यलो? बाप म्हनून राह्यला. मेलेल्या बापाची गोठ कशी मोडू, सांगा बरं?"

"पोरगी पंधरा वर्षांची आहे, भागवतभाऊ. कायद्यानं..."

"कायदा जित्यायले लागते जी. थे तं वर हायेत."

"तो आवाज यंत्रानं बनवलेला आहे. फोटो आणि थोडंसं बोलणं मिळालं की यंत्र कोणाच्याही तोंडून काहीही वदवतं. आबांचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे गेलं कसं?"

"मीच देल्लं. पूनमनं आबाच्या गोठीचा व्हिडिओ काढला होता ना शाळेसाठी, थोच." भागवत पुढे झुकला. "अन् मॅडम, तुमीच तं पोट्ट्यायले शिकवता का मशीन लय हुशार असते. मंग आता मशीननं सांगतलं तं खोटं कसं?"

शिकवलं होतं खरं. बुलढाण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन त्या आल्या होत्या. डिजिटल नागरिक कोणाला म्हणावं, कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीनं कशी वापरावी, असले धडे त्यांनी उत्साहानं घेतले होते. पासवर्ड कोणाला देऊ नये हे पोरांना पाठ झालं होतं. यंत्र कसं क्षणात कविता करतं, गणित सोडवतं हेही त्यांनी दाखवलं, तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. महाराजांच्या मंडपातल्या टाळ्या काही वेगळ्या नव्हत्या, हे त्यांना आता कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्या निघाल्या तेव्हा सोजराबाई फाटकापर्यंत मागे आली. "मॅडम, एक सांगू का? थे मले कधी नावानं हाक मारत नव्हते. उभ्या जलमात नाई. 'आयकलं का वं' म्हनत. माह्या मनाले तवाच खटकलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आवाज तं त्यायचाच होता ना, बाई. वरीसभर आयकला नव्हता." तिनं पदर डोळ्यांना लावला. मॅडमना त्या महाराजाचा मनापासून संताप आला. पोरीची शाळा तर तो बंद करत होताच, पण या म्हातारीच्या आठवणीचंही त्यानं दुकान मांडलं होतं.

वर्गात त्यांनी सगळी हकिकत सांगितली. लगेच मागच्या बाकावरून सूचना आली, "मॅडम, आपन हेडसरच्या नावानं भावपूर्ण श्रद्धांजली टाकू ग्रुपवर! जित्या हेडसरचा आत्मा बोलावून महाराज फसते का नाई पाहा!" वर्गात हशा पिकला. हेडसर गावात फारसे लोकप्रिय नव्हते.

"खोटी पोस्ट टाकून खोटेपणा पकडायचा? मग त्याच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

रेणुका नावाची एक मुलगी उभी राहिली. "मंग खोटं न बोलता थो फसू शकते का?"

हा प्रश्न घेऊन मॅडम चिखलीला घरी आल्या. जेवताना त्यांनी तो सासऱ्यांपुढे ठेवला. पुंजाजी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं घाटातल्या वळणांवर भोंगा वाजवून त्यांचा स्वतःचा आवाजही भोंग्यासारखाच झाला होता. सासूबाई सिंधूताई कमी बोलायच्या, पण बोलल्या की समोरच्याला थांबावं लागे.

"माहा फोटो घेऊन जा," पुंजाजी म्हणाले. "रिटायर झालो तवाचा, हार घातलेला. भाषनाचा व्हिडिओबी हाये. आवाज माहा, परवानगी माही. लेखी पाहिजे का?"

मॅडमनी खरंच लेखी घेतली. शेवटी मास्तरीण ती मास्तरीणच.

"अन् फोटो घेऊन मी जातो," सिंधूताई शांतपणे म्हणाल्या. "मी काहीच खोटं बोलनार नाई. मले काही बोलाचंच काम पडनार नाई, पाहजो तू."

त्यांचं म्हणणं एका वाक्याच्या फरकानं खरं ठरलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच सिंधूताई मंडपाबाहेरच्या टेबलापाशी गेल्या आणि फोटो आणि भाषणाचा व्हिडिओ पुढे ठेवून म्हणाल्या, "यायचा आवाज आयकाचा हाये." टेबलावरच्या चेल्यानं फोटोतला हार पाहिला. मग सिंधूताईंचं मोकळं कपाळ पाहिलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्या घरातल्या बायांनी कुंकू लावणं सोडलं होतं, पण हे त्याला कोण सांगणार? त्यानं चेहरा दुःखी केला आणि अर्जावर स्वतःच्या हातानं नावाआधी 'कै.' लिहून टाकलं. अर्जात शेवटी एक रकाना होता: 'पूर्वजांनी कोणते मार्गदर्शन करावे, अशी आपली इच्छा आहे?' सिंधूताईंनी तो कोरा ठेवला आणि परत येऊन सुनेला त्या रकान्याबद्दल सांगितलं. मॅडमच्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला.

दुपारी मंडप गच्च भरला. सोजराबाई पुन्हा पहिल्या रांगेत होती, शेजारी पूनम आणि भागवत. रेणुका आईला घेऊन आली होती. थंडीचे दिवस, त्यामुळे कानाला मफलर गुंडाळून मधल्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"कैलासवासी पुंजाजी!" महाराजांनी डोळे मिटले. "दिसतायत... ढगांच्या पलीकडे उभे आहेत... घसा कोरडा पडलाय..."

पडद्यावर हारवाला फोटो बोलू लागला. "सिंधू, मी पुंजाजी बोलतो आहे. मी तहानेने व्याकुळ आहे. तू माझे श्राद्ध घातले नाहीस, म्हणून माझा आत्मा भटकतो आहे."

"आमच्यात श्राद्ध घालत नाईत बे!"

आवाज तोच, पण भोंग्यातून नव्हे, मधल्या रांगेतून आला. मफलर सोडून पुंजाजी उभे राहिले होते. सगळा मंडप एकदा पडद्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहू लागला. तेच नाक, तीच मिशी, फक्त हार नव्हता.

"अन् घसा कोरडा काऊन पडन? आताच दोन कप चहा पेलो ना मी, बसस्टँडवर!"

महाराज क्षणभर गारठले, पण धंदा मुरलेला होता. "भक्तहो, सावध! दुष्ट आत्मा देह धारण करून आला आहे!"

"दुष्ट आत्म्याचे गुडघे दुखत असतेत का बे?" पुंजाजी लंगडत पुढे निघाले. हसण्याचा असा लोट उठला की मंडपाचे बांबू हलले. कोणीतरी पुढचा पडदा ओढला. पडद्यामागे लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस वायरी गोळा करत होता. महाराज जीपकडे सरकले, पण जीपसमोर मिरचीवाल्यानं आपली पोती आणून ठेवली होती.

कडेला उभ्या असलेल्या महामाया मॅडमनी पुढे येऊन माइक घेतला. "मारामारी करू नका. पोलिसांना फोन केलाय, ते येतील. तोवर ही जादू आमच्या वर्गातली मुलगी करून दाखवील."

रेणुकानं पुंजाजींची परवानगी विचारली, त्यांचं अर्धा मिनिट बोलणं मॅडमच्या फोनवर घेतलं आणि एक वाक्य टाइप केलं. थोड्याच वेळात पुंजाजींच्या आवाजात फोन म्हणाला, "मी सध्या चंद्रावर एसटी चालवतो आहे. सुट्टे पैसे तयार ठेवा."

"पाहलं का? टाइप करनारा पुस्तकातलं लिहिते, म्हनून आत्मा पुस्तकातलं बोलते," रेणुका म्हणाली.

टेबलावर अर्जांचा गठ्ठा तसाच पडला होता. दोघातिघांनी तो उचलून वाचायला सुरुवात केली, तशा मॅडम कडाडल्या. "ठेवा खाली! दुसऱ्याच्या घरातलं वाचायचा तुम्हाला अधिकार नाही. ज्यानं त्यानं आपापला कागद न्यावा, आणि शेवटचा रकाना वाचावा. यंत्राला तुमचे पूर्वज माहीत नाहीत. त्या रकान्यात जे लिहिलं, तेच तुम्हाला आबांच्या आवाजात परत मिळालं. आवाज ऐकू आला म्हणजे माणूस बोललाच असं नाही. हे बोलायला कोणी लावलं आणि त्यात कोणाचा फायदा, एवढं विचारल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका. हे मी पोरांना आधीच शिकवायला हवं होतं. यंत्र हुशार आहे एवढंच मी सांगत बसले. चूक माझीही आहे."

पूनम उठली. आपल्या घरचा अर्ज शोधून तिनं शेवटचा रकाना वाचला, आधी मनात, मग मोठ्यानं. "पोरीची शाळा बंद करावी. बीबीच्या स्थळास होकार द्यावा." ती वडिलांकडे वळली. "बाबा, हे अक्षर तुमचं हाये. माही शाळा आबानं बंद केली का तुमी?"

भागवतची मान खाली गेली. "लोक म्हनतीन म्हनून..." एवढंच तो पुटपुटला. स्वतःच्या तोंडानं जे म्हणायची छाती झाली नाही, ते त्यानं मेलेल्या बापाच्या तोंडी घातलं होतं.

तेव्हा सोजराबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत मोठ्यानं बोलली, आणि तिला माइक लागला नाही.

"मेलेल्याचं आयकाले अख्खा बाजार जमला. आता माहं आयका, मी जिती हाव. पोट्टी शाळेत जाईन. तिच्या अर्जावर पालकाची सही मी करतो. आन रे भागवत, पेन."

भागवतनं खिशातून पेन काढून आईच्या हातात दिला.